गुलाबी बोंडअळी : एका पतंगाचे चरित्र

पतंग म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम दिवा उभा राहतो, आणि त्या दिव्यावर झेप घेऊन भस्मसात होणारा एक वेडा जीव. संतांनी त्याच्यावरून आसक्तीचे दृष्टान्त दिले, कवींनी प्रीतीचे. आज मी ज्या पतंगाविषयी बोलणार आहे, त्याच्या वाट्याला असे काही भाग्य आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो इतका लहान आणि इतका साधा आहे की दिव्याभोवती फिरताना दिसला तरी आपण त्याला एक चिलट समजून हाताने दूर सारू. पण कापसाच्या बाजारात, सरकारी दफ्तरात आणि वऱ्हाड-खानदेशातील कित्येक घरांच्या जमाखर्चात त्याची नोंद ठळक अक्षरांनी झालेली आहे. त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने कोणी ओळखत नाही. ओळखतात ते त्याच्या अपत्याच्या नावाने. गुलाबी बोंडअळी हे ते नाव.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत राहणाऱ्या पुष्कळ मराठी श्रोत्यांचा कपाशीशी आलेला संबंध कापड दुकानापलीकडे गेलेला नसेल. त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगून टाकतो. कपाशीच्या झाडाला फुलाची जी कळी येते तिला पाते म्हणतात. पात्याचे फूल होते, फुलाचे बोंड होते, आणि बोंड पिकून उकलले म्हणजे आतला पांढरा कापूस बाहेर येतो. त्या कापसाच्या पोटात जे बी असते ती सरकी. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडे उभी राहतात ती पऱ्हाटी. ही पऱ्हाटी ध्यानात ठेवावी. आपल्या कथेत तिचे काम शेवटी पडणार आहे.

आता पतंगाकडे वळू. त्याची लांबी आठ-नऊ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या एखाद्या लांब दाण्याएवढी. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा ते वीस मिलिमीटर भरतात. रंग मातकट तपकिरी. पुढच्या पंखांवर काळसर ठिपके व अस्पष्ट पट्टे असतात, मागचे पंख रुपेरी करड्या रंगाचे असून त्यांच्या कडेला केसांची लांब झालर असते. शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरील मिशीच्या, बुडाशी ताठ केसांची एक बारीक फणी असते. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे ह्या पतंगाचे शास्त्रीय नाव. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘फणी धारण करणारा’ असाच आहे. दुसरा शब्द कपाशीच्या शास्त्रीय नावावरून आलेला. दिवसा तो जमिनीच्या भेगांत किंवा पालापाचोळ्याखाली दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. त्यामुळे शेतात जन्म घालविलेल्या माणसानेही त्याला क्वचितच निरखून पाहिलेले असते.

ह्या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन 1843 साली विल्यम विल्सन साँडर्स ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने केले. ज्या नमुन्यांवरून ते केले ते आपल्याच देशातून, भडोचच्या सरकारी कापूस-मळ्यांतून, विलायतेस गेलेले होते. पुढे हा जीव स्वतःच जगप्रवासास निघाला, आणि तोही एखाद्या सभ्य उताऱ्याप्रमाणे सरकीच्या पोत्यांत बसून. 1906-07 च्या सुमारास तो हिंदुस्थानच्या सरकीतून मिसर देशात पोचला. मिसरच्या सरकीतून 1911 मध्ये मेक्सिकोत गेला, आणि 1917 मध्ये टेक्सासच्या शेतात सापडला. दुबळ्या पंखांच्या ह्या जीवाने महासागर ओलांडले ते अळीच्या अवस्थेत आणि झोपेत. ही झोप काय प्रकरण आहे ते पुढे येईल.

मादी पतंग आपल्या अल्प आयुष्यात साधारणतः शे-दीडशे अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, चपटे, मोत्यासारखे शुभ्र. ते ती एकेकटे किंवा चार-पाचांच्या पुंजक्याने घालते. कपाशी कोवळी असताना शेंड्याजवळ आणि पात्यांवर, आणि बोंडे धरू लागली म्हणजे बोंडाच्या बुडाशी जी हिरवी वाटी असते तिच्या आत. जागेची ही निवड आईला शोभण्यासारखी आहे. ऊन तेथे पोचत नाही, आणि फवारलेले औषधही तेथे सहसा पोचत नाही. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. ती पांढरी, दोऱ्याच्या तुकड्याएवढी आणि तपकिरी डोक्याची असते. गुलाबी रंग तिला अजून चढलेला नसतो.

येथून पुढे सारा खेळ घटकांचा आहे. अंड्यातून निघालेली ही अळी साधारण दोन तासांच्या आत बोंडाची साल पोखरून आत शिरते. तिचे प्रवेशद्वार सुईच्या अग्राहून मोठे नसते. बोंड कोवळे आणि वाढते असल्यामुळे ते छिद्र पाठोपाठ भरून येते. म्हणजे चोर घरात शिरतो आणि भिंत आपोआप सांधली जाते. बोंडाच्या बाहेरील अंगावर मग एखादा टाचणीच्या टोकाएवढा डाग उरला तर उरतो. जे कीटकनाशक अळीच्या अंगावर पडावयास हवे त्याला तिच्या साऱ्या आयुष्यात एवढी दोन तासांचीच संधी मिळते. ती हुकली की वर कितीही फवारा उडवा, आतल्या प्राण्याला त्याची वार्ताही नसते. यवतमाळ जिल्ह्यात एका वृद्ध शेतकऱ्याने हीच गोष्ट मला एका वाक्यात सांगितली होती : “साहेब, बोंड वरून त चांगलं दिसते, पन फोडून पायलं का सारं समजते.”

हंगामाच्या आरंभी, बोंडे धरण्यापूर्वी, हीच अळी पात्यात शिरते. अशा पात्याचे फूल नीट उमलत नाही. अळीने आपल्या लाळेच्या धाग्यांनी पाकळ्या एकमेकींना शिवून टाकलेल्या असतात आणि फूल मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसण्यात सुरेख असते. परंतु शेतात तिची संख्या वाढू लागली की जाणत्या माणसाचा चेहरा उतरतो. एक-एक डोमकळी तोडून नष्ट करावी असा सल्ला कृषिखाते देते. सल्ला योग्य आहे. पाच एकरांत वाकून तो पाळावयाचा कोणी, हा प्रश्न मजुरीच्या दराशी निगडित आहे.

बोंडात शिरलेल्या अळीला कापसाचे काही अगत्य नसते. तिचे लक्ष्य सरकी. सरकीत तेल असते, प्रथिने असतात. पोसण्यासाठी तिला तेच हवे असते. एक बी संपवून दुसऱ्याकडे जाताना वाटेत जो तंतू आडवा येतो तो ती कुरतडते, आणि तिच्या विष्ठेमुळे व मागून शिरणाऱ्या बुरशीमुळे उरलेला कापूस पिवळा पडतो. असे बोंड नीट उकलत नाही. त्यातला कापूस फुलून न येता कवडीसारखा घट्ट चिकटून राहतो, म्हणून बाजारात त्याला ‘कवडी’ असेच नाव आहे. कवडीचा कापूस वेचावयास वेळ दुप्पट लागतो आणि त्याला भाव मिळतो तो नावापुरता. अळीने खाल्लेल्या सरकीतून तेलही कमी निघते.

दहा-चौदा दिवसांत चार अवस्थांतून जाऊन अळी पूर्ण वाढते. तिसऱ्या अवस्थेपासून तिच्या अंगावर गुलाबी छटा चढू लागतात आणि शेवटी ती अर्ध्या इंचाच्या आत-बाहेर लांबीची, खरोखरच देखणी अशी अळी होते. मग ती बोंडाला एक वाटोळे भोक पाडते आणि त्यातून खाली जमिनीवर पडते. शेतकऱ्याला बोंडावर जे स्पष्ट भोक दिसते ते हे, चोर घरातून निघून गेल्यावरचे. मातीच्या वरच्या थरात किंवा पाचोळ्यात ती कोषात जाते, आठ-दहा दिवसांनी कोष फोडून पतंग बाहेर येतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा उबदार हवेत महिन्याभरात पुरा होतो.

ह्या महिन्याच्या फेऱ्यात एक साधे गणित दडलेले आहे. समजा, जुलैअखेरीस शेतात एकच मादी आली, तिने शंभर अंडी घातली आणि त्यांतली नव्वद मुंग्यांनी, कोळ्यांनी, पावसाने नष्ट केली. उरलेल्या दहांत पाच माद्या. महिन्याने पाचांच्या पंचवीस, मग सव्वाशे, आणि नोव्हेंबरअखेर सव्वासहाशे. हा हिशेब केवळ समजण्यापुरता आहे, निसर्ग एवढा नियमित नसतो. पण पहिल्या दोन वेचण्यांत पांढराशुभ्र कापूस देणारे शेत तिसऱ्या वेचणीला कवड्यांनी का भरते, ह्याचा उलगडा त्यावरून होतो.

आता त्या झोपेविषयी. ऑक्टोबरनंतर दिवस लहान होऊ लागतात, रात्री गार पडतात. बोंडातल्या अळ्यांपैकी काहींना ही खूण कळते. दिवस किती घटका लांब आहे हे बंद बोंडातल्या जीवाला कसे उमगत असेल, ह्याचे मला आजही नवल वाटते. अशा अळ्या पूर्ण वाढूनही कोषात जात नाहीत. पोखरलेल्या सरकीच्या पोकळीत, पुष्कळदा दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून केलेल्या कोठडीत, त्या अंगाचे वेटोळे करून पडून राहतात. शास्त्रज्ञ ह्याला सुप्तावस्था म्हणतात. ह्या अवस्थेत अळी काही खात नाही, काही करीत नाही. महिनेच्या महिने, प्रसंगी वर्षभराहूनही अधिक काळ ती तग धरते. वाळलेल्या बोंडात, जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंजीत, सरकीच्या पोत्यात, घरामागे रचलेल्या पऱ्हाटीत ती असते. मिसरपासून टेक्सासपर्यंतचा तो प्रवास ह्याच कोठडीतून झाला. म्हणूनच मिसरमध्ये पुढे सरकी ठराविक उष्णतेने तापवूनच बाहेर सोडावी असा कायदा करावा लागला.

उन्हाळा सरून पहिल्या पावसाचा ओलावा आला की ह्या झोपलेल्या अळ्यांपैकी पुष्कळशा जाग्या होतात, कोषात जातात आणि पतंग होऊन बाहेर पडतात. आणि येथे ह्या सर्वस्वी कपाशीवर पोसणाऱ्या जीवाचे एक मोठे दौर्बल्य उघडे पडते. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भाऊबंदांवर तो क्वचित आढळतो खरा. पण त्याचा संसार चालतो तो कपाशीवरच. जून महिन्यात बाहेर आलेल्या पतंगाला आजूबाजूला पाती धरलेली कपाशी नसेल, तर मादीने घातलेल्या अंड्यांतील अळ्यांना खावयास काही उरत नाही. पतंग आठ-पंधरा दिवस जगतो आणि वंश न ठेवता मरतो. कीटकशास्त्रात ह्याला चक्क ‘आत्मघाती निष्क्रमण’ म्हणतात. दिव्यावरच्या पतंगाचा आत्मघात कवींनी गाजविला. ह्या पतंगाच्या आत्मघाताचे महत्त्व अर्थशास्त्रज्ञांनी गाइले पाहिजे.

ह्या दौर्बल्याचा लाभ घेण्याऐवजी आपल्याकडे वर्षानुवर्षे उलटेच घडत आले. खानदेशात विहिरीच्या पाण्यावर आणि ठिबकवर कपाशी मे महिन्यातच लावण्याची प्रथा पडली. तिला पाती धरतात ती नेमकी जून-जुलैत बाहेर येणाऱ्या पतंगांच्या स्वागताला. दुसऱ्या टोकाला, डिसेंबरात वेचण्या संपल्यावर एक-दोन पाणी देऊन झाड पुन्हा फुलवावयाचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत आणखी काही क्विंटल कापूस काढावयाचा, ह्याला फरदड म्हणतात. फरदडीमुळे अळीला झोपण्याची गरजच उरत नाही. तिचा मुदपाकखाना बारा महिने चालू राहतो. मी स्वतः सरकारी नोकर आहे, आणि ‘फरदड घेऊ नये’ असे परिपत्रक काढणे किती सोपे असते ते मला ठाऊक आहे. बियाणे, खत, निंदण ह्यांचा खर्च होऊन गेलेल्या झाडावर केवळ पाण्याच्या मोलाने मिळणारे चार पैसे सोडून द्यावयाचे, तेही ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने, ही साधी अपेक्षा नव्हे.

ह्या सर्वांवर विज्ञानाने एक मोठा तोडगा काढला होता. जमिनीतल्या एका जीवाणूचे जनुक कपाशीत घालून झाडालाच अळ्यांना मारक असे प्रथिन तयार करावयास लावणे, हीच बीटी कपाशी. भारतात तिला 2002 साली परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांची सुधारित कपाशी 2006 साली आली. काही वर्षे बोंडअळ्यांचे नाव निघेनासे झाले. पण 2010 साली गुजरातमधील काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. 2014-15 च्या सुमारास तेथेच दुसऱ्यालाही ती पुरून उरली. आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीवर तिने असा घाला घातला की पंचनामे करता करता महसूल खात्याची पुरेवाट झाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्या फवारण्या केवळ ह्याच अळीसाठी होत्या असे नव्हे. परंतु झाडाच्या अंगभूत संरक्षणावरचा भरवसा ढळला की माणूस पंपाकडे कसा धावतो, ह्याचे ते विदारक उदाहरण होय.

हिरव्या बोंडअळीला बीटी कपाशी अद्याप पुष्कळ अंशी आवरते. मग गुलाबी अळीच का सुटली? उत्तर पुन्हा तिच्या चरित्रातच आहे. हिरवी अळी हरभऱ्यावर जगते, तुरीवर जगते, टोमॅटोवर जगते. तेथे बीटीचा संबंध नसतो. त्यामुळे बीटीला बळी पडणारे पतंग त्या पिकांत वाढत राहतात आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होते. गुलाबी अळीला कपाशीवाचून थारा नाही, आणि कपाशी तर जवळजवळ सगळी बीटी. तिच्यासाठी शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात असा नियम होता, त्यासाठी बियाणाच्या पाकिटाबरोबर वेगळी पुडीही मिळे. पण स्वतःच्या जमिनीत अळीसाठी अन्नछत्र उघडावयाचे, ही कल्पना आपल्या दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या गळी उतरली नाही. शिवाय आपल्याकडची कपाशी संकरित. संकरित झाडाच्या बोंडातली सगळी बियाणी सारखी नसतात; एखाद्या जनुकापुरते पाहिले तर सुमारे एक चतुर्थांश सरक्यांत ते जनुक उतरतच नाही. म्हणजे एकाच बोंडात विषारी आणि निर्विष घास शेजारी शेजारी. शत्रूला विषाची सवय लावावयाची असती तर ह्याहून चांगली व्यवस्था करता आली नसती.

अमेरिकेची कथा ह्या बाबतीत उद्बोधक आहे. ॲरिझोनात बीटी कपाशी 1996 पासून लावली गेली. साध्या कपाशीचे पट्टे नियमाप्रमाणे राखले गेल्याने तेथील शेतांत अळीची प्रतिकारशक्ती वाढली नाही. पुढे 2006 पासून, कारखान्यात वाढवून किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानांतून शेतांवर सोडण्यात आले. वांझ पतंग ओळखता यावेत म्हणून अळीपणी त्यांच्या खाद्यात तांबडा रंग मिसळीत. रानटी मादीला वांझ नर मिळाला की तिची अंडी फुकट. जोडीला कामगंधाचा उपयोग होता. मादी नराला बोलाविण्यासाठी जो गंध सोडते त्याची रचना 1973 साली उलगडली. तोच गंध कृत्रिम रीतीने सगळ्या शेतात दरवळत ठेवला की नर भांबावतो आणि मादी त्याला सापडत नाही. ह्या सर्वांबरोबर हंगाम संपताच झाडे नांगरून टाकण्याची सक्ती होती. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस-प्रदेशातून ही अळी समूळ गेल्याची घोषणा केली. तेथे शंभर वर्षे लागली, हे आपण विसरू नये. आणि तेथील एका शेतकऱ्याच्या बांधात आपल्याकडची दोन-तीन गावे मावतात, हेही विसरू नये.

आपल्याकडे आज जे करण्याजोगे आहे ते पुष्कळसे ह्या पतंगाची दिनचर्या ओळखण्यावर अवलंबून आहे. एकरी दोन कामगंध सापळे लावून नर मोजावयाचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपायाची वेळ झाली असे समजावयाचे. आठवड्याला वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावयाची. दोनांत अळी निघाली तर दुर्लक्ष करावयाचे नाही. त्या यवतमाळच्या म्हाताऱ्याचे शास्त्र ते हेच. कामगंध भरलेल्या बारीक दोऱ्या झाडांना बांधण्याची पद्धतही अलीकडे येथे आली आहे. ती एकट्या-दुकट्या शेतात लावून भागत नाही, कारण शेजारच्या शेतात गाभण झालेली मादी बांध ओलांडून येते. सलग शिवारात लावली तरच तिचा गुण.

राहता राहिली पऱ्हाटी. वऱ्हाडातल्या खेड्यात पऱ्हाटी ही चुलीची लाकडे असतात. फेब्रुवारीत उपटून घरामागे गंज रचून ठेवली की पावसाळाभर सरपणाची चिंता मिटते. त्या गंजीत न उकललेली, वाळकी बोंडे असतात आणि त्या बोंडांत झोपलेल्या अळ्या. गॅसची शेगडी आली तरी गंजी गेलेल्या नाहीत. सिलिंडर भरून आणण्याचे पैसे हाताशी नसले की चूल पेटतेच. पऱ्हाटीचा यंत्राने भुगा करून तो जमिनीत मिसळता येतो, त्याच्या जळाऊ विटा होतात. मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तर त्यापासून फळ्या करण्याची रीत सिद्ध केलेली आहे. भुगा करणारे यंत्र वेळेवर गावात पोचले आणि पऱ्हाटीला चार पैसे देणारा कोणी गिऱ्हाईक मिळाला, तर गंज आपोआप हलते. परिपत्रकाने ती हलत नाही. ज्या गावाने जानेवारीअखेर शेते मोकळी केली, गुरे-शेळ्या सोडून उरलीसुरली बोंडे चारून टाकली आणि जूनच्या चांगल्या पावसावाचून पेरले नाही, त्या गावच्या शिवारात उरल्यासुरल्या अळ्यांतून रोहिणी-मृगाच्या सुमारास पतंग निघतात, रात्री उघड्या काळ्या जमिनीवरून पाते शोधीत फिरतात, आणि बियाणे रुजून कपाशीला पहिली पाती धरेपर्यंत मरून गेलेले असतात.